शोकेसवरचा डोळा

माझ्या तोंडात आता एकच शब्द उरलाय. बरं. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, आणि कुणाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तरी बरंच. डॉक्टर म्हणाला, झटका आला की होतं असं, एखादा शब्द तेवढा मागं राहतो. राहायचाच होता तर दुसरा नव्हता का मेला? तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, पोरं माझ्या आवाजाला टरकून असायची. बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याशी बोलायला लागले की मागच्या घरातल्या बायांना कळायचं, तारामतीबाई खाली उतरल्या. आणि आता बरं. जन्मभर जे कुणाला सहजासहजी म्हटलं नाही, तेवढंच नेमकं देवानं शिल्लक ठेवलं.

म्हणून हे सगळं मनातल्या मनात सांगायलेय. मनात माझी जीभ अजून धड आहे. आमच्या ह्यांना ती ऐकू येत नाही, हे त्यांचं नशीब.

आमचे हे म्हणजे हिम्मतराव. नाव कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. टीव्ही बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात पंचवीस वर्षं होते, टेस्टिंगला. बनून आलेला सेट ह्यांच्या टेबलावर पास झाल्याशिवाय बाहेर जायचा नाही. त्याचा ताठा केवढा! लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याला विचारायचे, तुमच्याकडे कुठला सेट आहे, आणि तो ह्यांच्या कारखान्याचा नसला की मठ्ठा येईपर्यंत त्या बिचाऱ्याची खैर नसायची. मग सरकारनं बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडली. वर्तमानपत्रात मोठमोठे शब्द यायला लागले, दुकानांत चकचकीत सेट यायला लागले, आणि दोन-तीन वर्षांत ह्यांचा अख्खा विभाग बंद झाला. चौपन्नाव्या वर्षी हार घालून, नारळ देऊन घरी पाठवलं. येताना ह्यांनी भंगारात निघालेली शिफ्टची बेल तेवढी पिशवीत घालून आणली. कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणाले, असू दे.

आमच्या मिलिंदनं त्याच वर्षी परदेशी कंपनीचा एकवीस इंची कलर टीव्ही घेतला, रिमोटवाला, आणि केबल जोडून घेतली. मुलगाच तो, त्याला काय कळणार बापाच्या जिवाला काय होतंय ते. हे आठ दिवस हॉलमध्ये बसले नाहीत. नंतर बसायला लागले, पण रिमोटला हात लावायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, उठून बटण दाबायला लोकांचे पाय झडलेत काय? ऑगस्टात माझेच पाय गेले.

आदल्या दिवशी झोपायच्या आधी मी रोजच्यासारखी कपाळावरची टिकली काढून कपाटाच्या आरशाला लावली होती. डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. कैक वर्षांची सवय. सकाळी जाग आली तर उजवी बाजू माझी नव्हतीच. दवाखान्यातून परत आले तेव्हा ती मरून रंगाची टिकली तिथंच होती, आणि मग मी ती कुणाला काढू दिली नाही. गंगू, आमची कामवाली, फडकं घेऊन आरशाकडे गेली की मी डोळे असे वटारायची की ती कोपरा सोडून पुसायची. उजव्या हातानं केलेलं ते माझं शेवटचं काम होतं. कॉट आरशासमोरच टाकलीय. दिवसभर मी त्या टिकलीकडे बघत पडलेली असते.

आता जे खरं सांगायचंय ते लाज सोडून सांगते. माझ्या सासूबाई ह्याच घरात दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मीच केलं, त्यात खोट नव्हती. पण एकदा घरात पाहुणे बसलेले असताना त्यांचं अंथरूण ओलं झालं आणि मी चार माणसांत ओरडले, सांगता येत नाही का? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मी विसरले होते. स्वतः आडवी झाले आणि पहिल्या आठवड्यात ते आठवलं. तेव्हापासून देवाकडे माझं एकच मागणं होतं. चालणं नको देऊस, बोलणं नको देऊस, पण चार लोकांत तसं होऊ देऊ नकोस. पोटात कळायचं सगळं. वेळेवर कुणी भांडं दिलं की झालं, इतकंच हवं होतं.

बोलवायचं कसं हाच प्रश्न होता. डावा हात चांगला आहे माझा. त्या हाताशी शर्वरीनं स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. शर्वरी म्हणजे मिलिंदची बायको. पुण्याची. अंबरपेठेला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, बोलणं अगदी कापून ठेवल्यासारखं, आणि आमचं दखनी वळणाचं हौ-नक्को ऐकून लग्नाच्या पहिल्या महिन्यात हसली होती. ते मी विसरले नव्हते. तर चमच्यानं पेला वाजवायचा. पण हॉलमध्ये टीव्ही मोठ्यानं लागला की पेल्याला कोण विचारतो? एकदोनदा अगदी टोकाला आलं होतं. मग एक दिवस ह्यांनी त्या पेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, थांब, तुला मी बेल करून देतो. रिमोटवर चालणारी.

मला वाटलं, बोलायलेत नुसतं. पण दुसऱ्या दिवशी कोठीला गेले, गुजराती गल्लीत, जिथं रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळतात, आणि कागदाच्या पुड्या घेऊन आले. माझ्या कॉटशेजारी टेबल ओढलं, चष्मा चढवला, सोल्डरिंगची गन गरम केली. राळेचा तो धूर. कारखान्यातून येताना ह्यांच्या शर्टाला जो वास यायचा तोच. खोटं कशाला बोलू, ते तीन आठवडे चांगले गेले. आजारी माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, जेवलीस का आणि झोपलीस का. हे मला सर्किट समजावून सांगत होते.

हा बघ डोळा, म्हणायचे. हरभऱ्याएवढी काळी वस्तू, तीन पायांची. रिमोटमधून उजेड निघतो, आपल्याला दिसत नाही तो, सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकतो. हा डोळा फक्त तेवढंच ओळखतो, दिव्याला भुलत नाही, उन्हाला भुलत नाही. उजेड दिसला की तो ह्या ट्रान्झिस्टरला सांगतो. ट्रान्झिस्टर ह्या आयसीला सांगतो. आयसीचं काम मोजायचं. एकदा दाबलं की सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. मग हा रिले टक करतो आणि बेलला करंट जातो. मी म्हणायची, बरं. पंचवीस वर्षांत ह्यांना असा विद्यार्थी मिळाला नसेल.

पहिला डोळा जळाला. दुकानदारानं पुडीवर पेन्सिलीनं पाय काढून दिले होते, कुठला पाय कुठं जोडायचा ते. पुडी माझ्या उशाशीच पडली होती आणि ह्यांनी उलटं जोडलेलं मला पडल्या पडल्या दिसत होतं. मी बरं बरं करून बोट दाखवायला लागले तर म्हणाले, थांब जरा, घाई करू नकोस. मग वास सुटला. ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, माल बोगस निघाला, कोठीत सगळे चोर बसलेत. दुसरा डोळा आणला तो गुपचूप सरळ जोडला. मी काही मनावर घेतलं नाही. चूक कबूल करणारा पुरुष आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बघितलेला नाही.

बेल कुठली लावली, तर ती शिफ्टची. आणि एका दुपारी माझ्या डाव्या हातात एक जुना रिमोट दिला, म्हणाले, दाब. मी अंगठ्यानं दाबलं. टक झालं आणि ती बेल अशी खणाणली की गंगूच्या हातून परात पडली. पुन्हा दाबलं, बंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं आणि घर दणाणलं होतं. मी ह्यांच्याकडे बघून बरं म्हणाले, आणि त्या एका वेळी तो शब्द अगदी बरोबर होता.

आता ते सर्किट डब्यात बसवलं, वर बारीक लाल दिवा लावला, चालू असल्याची खूण. डबा कुठं लावायचा? माझ्या खोलीत, कॉटसमोरच्या भिंतीला. शेंबडं पोरगं पण हेच सांगेल. ह्यांनी तो हॉलमध्ये लावला. शोकेसवर, मिलिंदच्या टीव्हीच्या शेजारी. माझ्या कॉटवरून दार उघडं असलं की शोकेस समोर दिसते, त्यामुळं रिमोट पोचत होता, प्रश्न नव्हता. पण खरं कारण तसं नव्हतं. आतल्या खोलीत कोण येऊन बघणार? हॉलमध्ये आलेला माणूस आधी परदेशी टीव्ही बघणार आणि मग त्याच्या शेजारचा ह्यांचा डबा बघणार, ते हवं होतं. शेजारचे आले, केबलवाला आला, गॅस सिलिंडरवाला आला, सगळ्यांना दाखवून झालं. मला बाहेरून हाक यायची, तारा, दाब. की मी दाबायची.

संध्याकाळी मिलिंद घरी आला, सोफ्यावर टेकला, टीव्हीचा रिमोट उचलून चॅनेल बदललं आणि शिफ्टची बेल खणाणली.

झालं असं की तो डोळा साधा होता. रिमोट माझा की मिलिंदचा हे त्याला कळत नव्हतं. कुणीतरी बोलावतंय एवढंच कळायचं, कोण बोलावतंय ते नाही. चॅनेल बदललं की बेल, आवाज वाढवला की बेल बंद, कमी केला की परत बेल. मिलिंद हसून हसून लोळला. शर्वरी पण हसली, पण तीच म्हणाली की बाबा, डबा आईंच्या खोलीत लावू या ना, हॉलमधला रिमोट तिथपर्यंत जायचाच नाही. चार स्क्रूंचं काम होतं. हे तिच्यावर असे उखडले की विचारू नका. म्हणाले, पंचवीस वर्षं मी हेच केलंय, मला नका शिकवू. मी मनात म्हटलं, पोरी, तू बरोबर आहेस पण तुझं ऐकणार कोण. आणि त्याच वेळी मला थोडं बरंही वाटलं, तिला बोलून घेतलं म्हणून. सासू आहे मी, संत नाही.

मग घरात एक रीतच पडली. बेल वाजली की मिलिंद सोफ्यावरूनच ओरडायचा, "मीच आहे." स्वयंपाकघरातली शर्वरी अर्ध्या वाटेतून परत जायची. कधीकधी तो नसायचा, मी असायची. मग मी पुन्हा दाबायची, बेल बंद व्हायची, तिसऱ्यांदा दाबायची, तेव्हा कुणीतरी यायचं. तरीही चाललं होतं. उशीर व्हायचा पण कुणीतरी यायचं, आणि अंथरूण कोरडं होतं. पेला आणि चमचा तर बेल आली त्याच दिवशी शर्वरीनं मांडणीवर ठेवून दिले होते.

मार्चात वर्ल्डकप होता. आपली मॅच पाकिस्तानशी, बंगलोरला, शनिवारी दुपारपासून. ह्यांनी मूर्तीसाबांना बोलावलं. मूर्तीसाब म्हणजे कारखान्यातले ह्यांचे वरिष्ठ. त्यांना बंद होण्याआधीच एका खाजगी कंपनीनं उचललं होतं. ह्यांना कुणी उचललं नाही. सोबत जुने दोघेजण येणार होते. सकाळपासून ह्यांची धांदल. शोकेस पुसली, डबा पुसला, इस्त्रीचा शर्ट घातला. दुपारी माझ्या खोलीत येऊन आरशासमोर केस विंचरत राहिले. माझ्याकडे पाठ होती. जरा वाकले, कोपऱ्याशी काहीतरी केलं, आणि मूठ मिटून बाहेर गेले. मला वाटलं, कंगव्यातले केस असतील.

मॅच सुरू झाली. दार उघडं होतं, टीव्ही मला दिसत नव्हता, तो दाराआड होता, पण डब्यावरचा लाल दिवा दिसत होता. हसणं, खिदळणं, पाकिस्तानला शिव्या. शर्वरी स्वयंपाकघरात मिरची भजी तळत होती. मूर्तीसाब ह्यांच्या डब्याची चौकशी करत होते, ते मला ऐकू आलं. वा हिम्मतराव, म्हणाले, हाथ का काम अभी भी फर्स्ट क्लास. ह्यांचा आवाज एकदम कारखान्यातल्यासारखा झाला. मला आनंद झाला, खरंच झाला. शर्वरी मध्येच येऊन मला लिंबाचं सरबत पाजून गेली, आणखी अर्धा पेला मी खुणेनं मागून घेतलं. सणासारखं वाटत होतं घरात.

पाचच्या पुढं कधीतरी मला कळ आली. घाई नव्हती. मी रिमोट शोकेसकडे धरला आणि दाबला. बेल वाजली नाही. म्हटलं, नेम चुकला असेल. परत दाबला. लाल दिवा चालू, आणि बेल गप्प. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबला. बाहेर आपले शेवटचे षटकार बसत होते, हॉलमध्ये सगळे नाचत होते, भज्यांचा चर्र आवाज येत होता. मी बरं म्हणून ओरडले. बरं, बरं, बरं. तीस वर्षं चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा गळा माझा. कुणी वळून पण बघितलं नाही. डाव्या हातानं चाचपलं, तर चमचा मांडणीवर होता.

मी धरून ठेवलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. दात आवळून सासूबाईंचं तोंड आठवत धरून ठेवलं. आणि मग नाही धरता आलं.

चादरीतून खाली फरशीवर गेलं. आणि आमच्या घराची रचना अशी की बाथरूमला माझ्याच खोलीतून जावं लागतं. डाव संपला आणि दारात मूर्तीसाब उभे. पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी हात जोडले. "नमस्ते अम्मा," म्हणाले. मग खाली बघितलं. भला माणूस तो, काही झालंच नाही असा मागं वळला आणि हळू आवाजात शर्वरीला हाक मारली. तिच्यामागून मिलिंद आला, त्याच्यामागून हे आले, आणि सोबत आलेल्या जुन्या दोघांपैकी एकजण काय झालं म्हणून डोकावला. सगळे आले. एवढा वेळ कुणी येत नव्हतं.

मला वाटलं, हे आधी माझ्याजवळ येतील. ते मूर्तीसाबांकडे वळले.

"उनकी उंगली में ताकतच नै साब," म्हणाले. "सर्किट में कुछ प्रॉब्लम नै. बटनच नै दबता उनसे."

मूर्तीसाब म्हणाले, हौ हौ, होता है, आणि फरशीकडे न बघता हॉलमध्ये गेले. मिलिंदनं ते ऐकलं आणि मान डोलावली. माझा अंगठा अजून रिमोटवर होता.

शर्वरीनं दार लावून घेतलं. मला पुसलं, लुगडं बदललं, चादर बदलली, फरशी पुसली. नाक मुरडलं नाही. आणि मी काय करत होते? मनात तिलाच शिव्या देत होते. हिनंच केलंय. हिला बेलचा त्रास होत होता, हिच्या मालिका बुडत होत्या, पाहुण्यांसमोर नको म्हणून हिनंच कुठलीतरी तार उपटली. एवढं मनापासून करायलीय ते पाप धुवायला. मी तिच्याकडे बघितलं पण नाही. बाहेर पाकिस्तानची विकेट पडली आणि सगळे ओरडले.

पाहुणे गेल्यावर जेवताना ठरलं. मी ऐकत होते. मिलिंद म्हणाला, आता बेलवर विसंबण्यात अर्थ नाही, बाबा म्हणतात बोटात जोर राहिला नाही. मोठ्या माणसांचे लंगोट मिळतात हल्ली, बाहेरचे, पॅकेटात, सकाळीच मेडिकलमधून घेऊन येतो. दिवसातून दोनदा बदलायचं, कुणाला धावपळ नको. शर्वरी म्हणाली, आईंना सगळं कळतं, त्यांना नाही आवडायचं. हे भात कालवत होते.

रविवारी सकाळी हे आरशासमोर दाढी करत होते. गालाला साबण. माझं लक्ष सवयीनं कोपऱ्याकडे गेलं, डाव्या बाजूला, खाली. टिकली नव्हती. गोंदाचा तेवढा गोल डाग होता. म्हटलं, गेली बाई, सात महिने टिकली हेच खूप. तेवढ्यात हॉल झाडता झाडता शर्वरी आत आली. बोटाच्या टोकावर मरून टिकली धरली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ही आईंची टिकली सेन्सरच्या डोळ्यावर कुणी लावली?"

ह्यांचा हात थांबला. आरशात त्यांना मी दिसत होते आणि मला ते. मग आरशाकडेच बघत म्हणाले, "चॅनेल बदललं असतं तर बेल वाजली असती. मूर्तीसाबसमोर शोभलं असतं का ते?"

"मग बंद ठेवायचं ना. आम्ही आईंजवळ बसलो असतो," शर्वरी म्हणाली. "दिवा का चालू ठेवलात?"

दिवा का चालू ठेवला ते मला माहीत होतं. बंद डबा कसा दाखवणार? म्हणून माझ्या टिकलीनं त्याचा डोळा झाकला. घरात चिकटपट्टी होती, वर्तमानपत्र होतं, स्टँप होते. ह्यांचा हात आरशाच्या कोपऱ्याकडे गेला कारण तो जवळ होता. तेही एकवेळ सोडलं असतं मी. विसरले असतील, मॅचच्या नादात राहून गेलं असेल. पण मी ओली पडलेली असताना त्यांना पुरतं ठाऊक होतं की डोळ्यावर टिकली आहे. ठाऊक असताना चार माणसांत माझ्या बोटावर ढकललं. जो एक हात माझा चालतो, त्याच्या बोटावर.

मला बोलायचं होतं. मूर्तीसाबांना फोन करा आणि खरं सांगा, असं म्हणायचं होतं. मिलिंद मेडिकलमध्ये गेलाय, त्याला परत बोलवा, म्हणायचं होतं. शब्दांचा हा ढीग लागला होता आणि बाहेर पडायला फट एकच. मी तोंड उघडलं नाही. रिमोट उचलला, उघड्या दारातून शोकेसकडे धरला आणि दाबला.

शिफ्टची बेल खणाणली. एकदाच दाबलं होतं, पहिल्या दाबात. बेल वाजतच राहिली. ह्यांच्या हातातला रेझर खाली पडला. शर्वरी हॉलमध्ये पळाली, मला वाटलं आता टीव्हीच्या रिमोटनं बंद करणार. ती टीव्हीचा रिमोट घेऊन परत आली, माझ्या उशीखाली सारला, आणि कॉटच्या कडेला येऊन बसली. तिच्या हाताला अजून फिनेलचा वास येत होता. कालपासून तिला दिलेली एकेक शिवी मला आठवली.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी, क्या हुआ अम्मा, म्हणून विचारायला लागलं.

"बंद कर, तारा," हे म्हणाले. "लोक जमतील."

"बरं," मी म्हणाले.

आणि दाबलं नाही. अंगठा बटणावर ठेवला, त्यांना दिसेल असा, आणि नुसती बघत राहिले. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल उघडा, असे ते उभे होते. बेल त्यांच्या कारखान्याची, सर्किट त्यांच्या हातचं, आणि दोन्ही चोख चालत होती. ह्याच्यापेक्षा चांगलं टेस्टिंग त्यांनी आयुष्यात केलं नसेल. त्यांनी थोडं थांबून बघितलं. मग हॉलमध्ये गेले आणि प्लग उपटला. लाल दिवा विझला.

तेवढ्यात जिना चढून मिलिंद आला. हातात निळं पॅकेट. बेल का वाजत होती म्हणाला, खालपर्यंत ऐकू येत होती. शर्वरी काहीतरी बोलायला उठली, पण हेच आधी बोलले. म्हणाले, आपोआप वाजायला लागली, आत काहीतरी शॉर्ट झालंय, जुना माल, काढूनच टाकतो आता. मग टॉवेलनं गाल पुसत दारात आले. मिलिंदच्या हातातलं पॅकेट बघितलं, आणि माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं म्हणाले, "हेच सोयीचं पडेल. हो ना, तारा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं, तोंड उघडलं तर काय बाहेर पडणार. ह्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. गंगूला म्हणते, मिलिंदला म्हणते, शर्वरीला तर दिवसातून दहादा म्हणते. ह्यांना त्या रविवारपासून मी तेवढंही म्हटलेलं नाही.